हाक मारून काढलेला फोटो

कारागृहाच्या महिला विभागात मी फोटोग्राफी शिकवायला जाते. तिथल्या बायकाच एकमेकींचे फोटो काढतात; मी नुसती कॅमेरा पुरवणारी. त्या दिवशी फोटो काढून घ्यायची पाळी कमलताईंची होती. शिवणखोलीच्या भिंतीला पाठ लावून त्या ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्याच बराकीतल्या शमीमने समोरून एक फोटो काढला. लगेच, कुणी न सांगता, ताई उजवीकडे वळून थांबल्या. मग डावीकडे.

मला वाटलं, हौस असेल. शमीमला मात्र कळलं. अटक झाल्यावर चौकीत फोटो काढताना तिलाही असंच वळवलं होतं.

शरीर फोटोग्राफरला विसरत नाही. माझ्या मानेत अजून माझ्या लग्नातला फोटोग्राफर बसलाय. कॅमेरा दिसला की हनुवटी आपोआप खाली जाते. माझा फोटोग्राफर निदान हौसेनं बोलावलेला होता.

शमीमने कॅमेरा खाली घेतला. "ताई, हा चौकीतला फोटो नाही. तुला कसा पाहिजे?"

ताई मशीनवर जाऊन बसल्या आणि कापड पुढं ओढलं. "मी शिवत बसते. तू लांबून हाक मार. वर बघितलं की काढ."

ताईंनी दिलेली त्या फोटोची एक प्रत माझ्या टेबलावर आहे. डोळ्यांत अजून शिवणच आहे, ओठांवर मात्र "काय गं?" आलेलं आहे. घरी येणारा प्रत्येकजण तो फोटो बघून जरा चपापतो. त्याला वाटतं, या बाईला हाक आपणच मारली, आणि आता काहीतरी बोलायला हवं.