चिमणी उड, म्हैस उड

खाडीतली सफर म्हणून तिकीट काढलं होतं. दोन्ही काठांना माड, पाण्यावर कलतं ऊन, सगळं पाहण्यासारखं. पण लाँच खाडीच्या मुखाशी आली आणि लाटा तिला खालून उचलायला लागल्या. "जागेवरच बसा, कोणी उठायचं नाही," तांडेल ओरडला.

समोरच्या बाकावर एक बाई दोन मुलींना घेऊन बसली होती. धाकटी पाण्यात हात घालायला वाकत होती. आईने तिला दटावलं नाही. "चला, बोटं माझ्या मांडीवर," ती म्हणाली. "चिमणी उड." दोन्ही बोटं वर गेली. "कावळा उड. म्हैस उड." म्हशीलाही धाकटीचं बोट उचललं गेलं आणि थोरली खिदळली. हात आता बाहेर जाणार नव्हते.

आईचा आवाज अगदी घरातल्या दुपारचा होता. फक्त एका हाताने तिने दोघींचे फ्रॉक मुठीत आवळून धरले होते. मुलांना रमवणं आपण किती हलकं काम समजतो. पुष्कळदा ती आपलीच भीती असते, खेळ होऊन बाहेर आलेली.

एका मोठ्या लाटेने लाँच कलली. आईच्या तोंडून भलतंच निघालं, "लाँच उड."

कोणीच बोट उचललं नाही.

"लाँच उडत नाही, आई," धाकटी शांतपणे म्हणाली. "पुढचं सांग."

धक्क्याला लागल्यावर सगळे उठले. मीही उठायला गेले, तेव्हा लक्षात आलं, माझंही बोट केव्हापासून गुडघ्यावर घट्ट टेकलेलं होतं.