बिनआवाजाचं विमान

विमान पडताना मोठा आवाज होत असेल असं मला वाटायचं. आमच्या रस्त्यावर जे आलं ते आवाज न करता आलं, म्हणून आम्हाला कळायला उशीर झाला.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. राहुरीच्या पूर्वेला आमचं गाव. तिथून नगर-मनमाड रस्त्याला जोडणारा नवा रस्ता दुष्काळी कामातून चालला होता. विहिरी आटल्या होत्या, रानात काडी नव्हती, त्यामुळे जमीनवाले आणि बिनजमिनीचे सगळे एका रांगेत खडी फोडायला बसलेले. मी बावीस वर्षांची होते. लग्नाआधी मॅट्रिक झाले होते, पण त्या वर्षी त्याचा उपयोग एवढाच, की मुकादम कधीमधी मला हजेरी वाचायला सांगायचा. माझे यजमान लांब पाझर तलावाच्या कामावर. रस्त्यावर मी, माझी सासू आणि माझी आठ महिन्यांची मुलगी.

रस्त्याच्या कडेला एकच लिंबाचं झाड होतं. त्याला तीन झोळ्या बांधलेल्या असत. गावातली एक म्हातारी खाली बसून तिन्ही दोऱ्या आळीपाळीनं ओढायची. त्या दुपारी दोघी बायका आपापली लेकरं पाजायला घेऊन गेल्या होत्या. म्हातारीही पाणी प्यायला टँकरकडे गेली होती. झोळीत माझी एकटीच होती. मी तिथून पन्नास-साठ पावलांवर खडीच्या ढिगाशी बसले होते.

माझ्या शेजारची बाई हातोडी थांबवून वर बघत म्हणाली, "ती घार न्हाई."

मीही वर पाहिलं. एक लहानसं पांढरं विमान आमच्याकडे येत होतं, इतकं खाली की त्याची चाकं दिसत होती. पुढचा पंखा फिरत नव्हता. त्याची दोन पाती नुसती उभी होती. वाऱ्याची बारीक शीळ तेवढी येत होती. मुकादम हात हलवत ओरडला, "रस्ता सोडा, रस्ता सोडा."

चाकं मुरुमावर आदळली आणि मग मात्र कानठळ्या बसल्या. विमान एकदा उसळलं, परत टेकलं आणि धुळीतून सरळ लिंबाच्या रोखानं धावत सुटलं. हे मी पाहिलं. झोळी तिथे आहे हे मला माहीत होतं. मी उठले आणि पळाले.

थांबले तेव्हा दोन बांध ओलांडून रानात होते. एक चप्पल गेली होती. हातोडी अजून मुठीत होती. मागे मोठा दणका झाला तेव्हा मी वळून पाहिलं आणि तेव्हा मला कळलं की मी लिंबाकडे नाही, लिंबापासून लांब पळाले होते.

विमान झाडापासून दहा-बारा पावलांवर एकदम वळून पलीकडच्या दगडांच्या ढिगात घुसलं होतं. एक पंख मोडून खाली लोंबत होता. झाडाखाली माझी सासू उभी होती. पन्नाशीच्या पुढची, गुडघ्यानं अधू बाई. तिनं झोळीसकट पोरीला छातीशी धरलं होतं. विमान येत असताना ती समोरून त्याच्याच दिशेनं धावत गेली, असं नंतर बायकांनी सांगितलं.

मी जवळ गेले. तिनं मुलगी पुढे केली, पण माझे हात वर होईनात. तिनं पोरीला परत आपल्या खांद्यावर घेतलं.

पेट्रोलचा वास सुटला होता. मुकादमानं सगळ्यांना बिड्या विझवायला लावल्या आणि चौघांना घेऊन दार तोडलं. आत दोन माणसं होती, दोघंही जिवंत. एक चष्मा घातलेले वयस्कर गृहस्थ. त्यांना फारसं लागलं नव्हतं, पण रस्त्यावर बसून ते सारखं विचारत होते, "हे कुठलं गाव?" सांगितलं तरी पुन्हा तेच. दुसरा विमान चालवणारा, पस्तिशी-चाळिशीचा. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं आणि एक पाय भलतीकडेच वळला होता.

"कुणी खाली सापडलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई सायब. समदी हायेत," मुकादम म्हणाला.

"नक्की मोजा."

मुकादमानं हजेरीची वही माझ्या हातात दिली. मी नावं वाचू लागले, पण दोन-तीन नावांनंतर वही बंद केली. पुढची मुकादमानं तोंडपाठ म्हटली. सगळे होते. मग त्या जखमी माणसानं डोळे मिटले. पाण्याच्या टँकरच्या केबिनमध्ये बसवून दोघांना नगरला नेलं.

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट तयार झाली. सायबानं वरून झोळी पाहिली आणि लेकराला वाचवायला विमान दगडांवर घातलं, स्वतःचा पाय मोडून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या ढिगावर हळदकुंकू पडलं होतं. मलाही ते खरं असायला हवं होतं. मी पळाले होते, पण कुणीतरी तिच्याकडे पाहिलं होतं, एवढा आधार मला पुरला असता. त्या दिवसापासून माझं दूध आटलं. पोरीला सासू शेळीचं दूध पाजायची.

आठ दिवसांनी सासू म्हणाली, "त्या मान्साच्या पाया पडून येऊ." घरात होते तेवढ्या शेंगदाण्यांचे चार लाडू तिनं फडक्यात बांधले आणि आम्ही एस.टी.नं नगरच्या दवाखान्यात गेलो.

त्याचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता. सासूनं मुलगी त्याच्या खाटेवर ठेवली आणि म्हणाली, "हिला तुमी जीव दिला, सायब."

त्याला काही कळेना. मी झोळीचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं. त्यानं पोरीकडे पाहिलं.

"आजी, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "मी झोळी पाहिलीच नाही. इंजिनातलं तेल उडून समोरची काच काळी झाली होती. मी बाजूच्या खिडकीतून बघून उतरवत होतो. पुण्याहून औरंगाबादला चाललो होतो, खाली सगळे बांध नि दगड, सरळ पट्टी तेवढा तुमचा रस्ता. माणसं आहेत हे अगदी खाली आल्यावर दिसलं. मग चाक कशाला तरी अडखळलं आणि विमान आपोआप वळलं. मी काहीच केलं नाही."

म्हणजे वरून पोरीकडे कुणीच पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मी तिची आई आहे. मी उलटी पळाले."

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

"एरवी मी मोठी विमानं चालवतो," तो सावकाश म्हणाला. "माणसांनी भरलेली. इंजिन गेलं तर काय करायचं ते आम्हाला शेकडो वेळा घोकवलेलं असतं. नाक खाली, वेग सोडायचा नाही, जागा शोधायची. ते सगळं मी केलं. पण चाकं टेकल्यावर मी डोळे मिटले, ताई. चौकशीसाठी मला सगळं लिहून द्यायचंय. त्यात हे लिहावं की नाही, ते ठरत नाही."

सासूनं फडकं सोडून लाडू त्याच्या हातावर ठेवले. "खावा. लांबून आनलेत," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या एस.टी.त मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. मी विचारलं, "आत्याबाई, मी पळाले ते तुम्ही पाहिलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "माझं पयलं लेकरू इहिरीत पडलं तवा मी काठावरच हुते," ती म्हणाली. "पान्यात हात घालायचा सोडून घराकडं पळत सुटले. माघारी आले तवर सरलं हुतं. तुझा नवरा त्याच्या पाठचा."

माझ्या नवऱ्याला मोठा भाऊ होता हे घरात कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता. कंडक्टर तिकिटं द्यायला आला तेव्हा तिनं पदरातून सुटे काढून दिले आणि पोरीच्या डोक्यावर उन्हाची तिरीप आली म्हणून हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत कामावर गेलो. मी मुलीला पाठीशी बांधून खडी फोडू लागले. मुकादम म्हणाला, जड होईल. मी ऐकलं नाही. विमानाचा सांगाडा महिन्याभरानं ट्रकमध्ये घालून नेला. लोक मात्र त्या ढिगाला नमस्कार करत राहिले. खरं काय ते मी त्यांना सांगितलं नाही आणि सासूनंही नाही. ती त्यानंतर अठरा वर्षं जगली. आमचं रोज बोलणं व्हायचं, भांडणंही झाली, पण विहिरीत गेलेल्या त्या मुलाचं नाव काय होतं, ते मी तिला कधी विचारलं नाही.