टोचल्यावर चोळायचं असतं

माझ्या सासऱ्यांच्या, नानांच्या लेखी या जगात जीव दोनच प्रकारचे: टोचलेले आणि टोचायचे राहिलेले. देवळाली प्रवराच्या आसपास गुरांना लशी टोचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते सावेडीला आमच्या फ्लॅटवर राहायला आले, पण नजर गोठ्यातलीच राहिली. नवा माणूस भेटला की नाना आधी त्याचे डोळे पाहतात, मग नाकपुड्या. नाव विचारायचं बहुधा राहूनच जातं. ताप बघायला त्यांना थर्मामीटर चालत नाही, कानाचं टोक लागतं. एकदा माझ्या नवऱ्याला सर्दी झाली, तर त्याचा कान चाचपून मला म्हणाले, "वैरण खातोय ना बरी?" त्या दिवशी मी कांदेपोहे केले होते.

माझ्या दीड वर्षाच्या लेकीला, चिऊला डोस द्यायला आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा नाना अर्थातच पुढे. रांगेतल्या आयांना त्यांनी पोरं कशी आवळून धरायची ते शिकवलं, सिस्टरला सुई कशी धरावी ते सुचवलं, आणि नात रडायला लागताच स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मारकुट्या बैलांना न भिणारा हा माणूस! "मांडी चोळू नका, शेकू नका," सिस्टरने बजावलं. नानांनी मानही डोलावली. पण 'टोचल्यावर जागा चोळा' हे त्यांनी जन्मभर गावोगाव ओरडून सांगितलेलं. घरी मी तापाचं औषध ड्रॉपरमध्ये घेत होते, तेवढ्यात चिऊ कण्हली आणि नानांचा हात तिच्या मांडीवर सुरू झाला. मी ओरडले तर म्हणाले, "आगं, मोकळं हुतं जरा."

संध्याकाळी ताप चढला, मांडी सुजली आणि सकाळी चिऊने तो पाय जमिनीला टेकवलाच नाही. माझा तोल गेला. "पोरीला म्हैस समजलात का? तिच्या पायाला काही झालं तर तुमच्यामुळे होईल!" नाना उठले. चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन बसले. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "डोसानंतर होतं असं. चोळल्याने दुखणं जरा वाढलं असेल, एवढंच. दोन दिवसांत चालली नाही तर आणा."

दुसऱ्याच दिवशी ती चालली. लंगडत थेट नानांकडे गेली आणि त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. नानांनी तो झटकन मागे घेतला. "नको बाई, आई रागवंल," ते हळूच म्हणाले.

मी माफी मागितली, तर हसले. "वासराला दुखलं की गाय लाथ मारतीच, पोरी. तिचा काय दोष?" मला सरळ गाय केलं त्यांनी. चिऊ आता घरभर धावते. मात्र तिने हात वर केले की नाना तिला उचलण्याआधी एकदा माझ्याकडे बघतात. तेव्हा मला फार लाज वाटते.