दारातून पहिलं कोण

माझा बा शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक ओळ गाळत नसे. दिवेलागणीला भाकरी खाऊन झाली की आम्हाला समोर बसवायचा, कंदील जवळ ओढायचा आणि काल खूण ठेवली होती तिथून पुढं सुरू. आवडती गोष्ट मागून घ्यायची सोय नव्हती. मिशनच्या गावातले ख्रिस्ती लोक पोरांना निवडून निवडून सांगायचे, मेंढरं, तारू, गोठ्यातलं बाळ. आमच्या बाला ते पटायचं नाही. निवडायला ही काय डाळ हाय, म्हणायचा.

तारवाच्या गोष्टीत सगळी दुनिया पुरात बुडते तिथं मी विचारलं होतं, "भाएर राह्यले त्यांची लेकरंबी बुडाली?"

"बुडाली."

"लहानीबी?"

"लहानीबी. तसंच लिवलंय."

माय चुलीपासून म्हणायची, "आवो, पोरगी झोपत न्हाई मंग. जरा हात राखून सांगा की." त्यावर बाचं उत्तर ठरलेलं, "उद्या तिला वाचता आलं की ती मला खोटा म्हनंल."

उमापूरच्या अलीकडं एका खेड्यात आमचं एकुलतं एक ख्रिस्ती घर. राज्य निजामाचं. बा मिशनचा मास्तर होता, गावाबाहेर लिंबाखाली पोरं घेऊन बसायचा आणि बाजाराच्या दिवशी उमापूरला उपदेशाला जायचा. आमची जुनी माणसं खंडोबाची. मायची थोरली बहीण लहानपणीच नवसापायी देवाला सोडलेली, मुरळी. ती कधीमधी दारात यायची. माय तिला पोटभर जेवू घालायची आणि ती गेल्यावर दिवसभर कुणाशी बोलायची नाही. बानं घर ख्रिस्ती केलं त्यात शास्त्राइतकाच या मावशीचा हात होता, असं मला अजून वाटतं. आमच्या घरात नवस हा शब्द शिवीसारखा होता.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गावात सकाळी बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी दिसायचं नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकता नीट बोलायला लागलेला. तो पडला, नाकातून रक्त यायला लागलं, ओठ काळेनिळे झाले. मी शेणी आणायला घरामागं गेले तर बा भिंतीला डोकं टेकून उभा होता. "ह्याला ठेव," तो म्हणत होता, "ह्याला ठेव, म्हंजी मी देतो. खरंच देतो." काय देतो ते त्यानं इतक्या हळू सांगितलं की मला ऐकू आलं नाही. पण बा नवस बोलतोय एवढं कळलं. मी मायला काही सांगितलं नाही, सांगायची छातीच झाली नाही.

भाऊ वाचला. घरात हसणं आलं. बा मात्र हसताना मधेच थांबायचा.

पुढं काही दिवसांनी त्याच्या खुणेच्या पानावर ती गोष्ट आली. एक सरदार लढाईला निघतो. देवाला म्हणतो, मला जितवलंस तर परत येताना माझ्या घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला होमात वाहीन. इथपर्यंत वाचून बा थांबला. तो पाणी प्याला. मग खाली मान घालून पुढचं सांगितलं. सरदार जिंकून घरी आला आणि त्याची एकुलती एक लेक डफ वाजवत, नाचत दारातून सामोरी आली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग त्यानं शब्द पाळला."

बापानं देवाला बळी द्यायला डोंगरावर नेलेल्या पोराची गोष्ट मला पाठ होती. तिथं ऐन वेळी वरून हाक आली होती आणि पोराच्या जागी झुडपातला मेंढा गेला होता. "हितं कुणी हाक मारली न्हाई?"

"न्हाई."

"तिचं नाव काय व्हतं?"

"लिवलेलं न्हाई."

"सांगा की सुटली म्हणून," माय चिडून म्हणाली. "काय बिघडतं?"

बानं पुस्तक मिटलं. "सुटली आसं लिवलं आसतं तर माझ्याइतकं खुश कुणी झालं नसतं," म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता उठून गेला. एरवी गोष्ट झाली की तो माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. त्या दिवशी ठेवला नाही. नवस आमच्या घरात झालाय, लेकही आमच्या घरात आहे. आता राहिलं होतं ते दार.

आमच्याकडं रीत होती. घरचं माणूस परगावाहून आलं की लेकीनं पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात सामोरं जायचं आणि त्याच्या पायावर पाणी घालायचं. आधी भाकरीचा तुकडाही ओवाळून टाकायचे. ख्रिस्ती झाल्यावर तुकडा गेला, पाणी राहिलं. हे काम माझं. बाच्या खोकल्याची चाहूल लागली की मी हातातलं टाकून धावायची.

बाजाराचा दिवस उजाडला. बा गेला आणि मी दिवसभर भ्याले. भाकरी गिळेना. माय कपाळाला हात लावून बघत होती, ताप आला की काय म्हणून. दुपार कलली तेव्हा मला दारामागं बांधलेल्या आमच्या शेळीची आठवण झाली. डोंगरावर मेंढा चालला, तर आमच्या दारात शेळी का चालू नये? मी तिला सोडून घरात आणली आणि उंबऱ्याशी उभी केली. बा दिसला की ढकलायची.

गल्लीच्या तोंडाला खोकला ऐकू आला. मी शेळीला ढकललं. एरवी दिवसभर कणगीत तोंड घालायला धावणारी ती मेली चारी पाय रोवून उभी राहिली. मी खांदा लावला, शेपूट पिरगाळली. हालेना. आणि तेवढ्यात माझ्या काखेखालून काहीतरी सटकलं. भाऊ होता. "बा आला, बा आला," करत, उघड्या अंगानं, उंबऱ्यावर पाय ठेवत होता.

मग मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी त्याच्या दंडाला धरून मागं ओढलं, तो शेळीवर पडला, आणि मी त्याच्या अंगावरून उडी मारून अंगणात गेले. तांब्या हातात होता, पाणी सगळं सांडलेलं.

"मी पयली हाय," मी म्हणाले. "त्यो न्हाई. मी आले पयली."

बाच्या खांद्यावर झोळी होती. "काय म्हनतीस, पोरी?"

"तू नवस बोललास. भिंतीपाशी. मी ऐकलंय. मला वाहनार का आता?"

तो नाही म्हणू शकला असता. दुसरा कुणीही बाप म्हणाला असता, मला जवळ घेतलं असतं, आणि मी मोकळी झाले असते. माझा बा मातीत खाली बसला.

"नवस बोललो, हे खरं हाय," तो म्हणाला. "जिवं मारनार न्हाई. तसलं न्हाई गं. पन तुला द्यायचं बोललो. मिशनला, कायमची. आज मिशनच्या गाडीवाल्याकडं निरोप द्यायचा व्हता, पोरीला न्या म्हणून. गाडी हालंपतूर हुबा राह्यलो. तोंडच उघडलं न्हाई."

माय दारात आली होती. रडणारा भाऊ तिच्या कडेवर. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं.

"माझ्या बहिणीलाबी कुणी जिवं मारलं न्हाई," ती म्हणाली.

मी त्याच्या पायावर पाणी घातलं नाही. तांब्यात नव्हतंच.

त्या सांजेला त्यानं पुस्तक काढलं आणि पुढचं पान न उघडता तेच उघडलं. "त्या सरदारानं शब्द मोडाया पायजे व्हता," तो म्हणाला. "देवानं मागितलंच नव्हतं."

"आसं लिवलंय?"

"न्हाई. हे लिवलेलं न्हाई. हे मी म्हंतो."

"आन मोडला तर काय व्हतं?"

त्यानं भावाकडं बघितलं. "मला ठावं न्हाई," म्हणाला.

मी घरीच राहिले. बाजाराच्या दिवशी पुन्हा तांब्या घेऊन जायला लागले. पण भीती गेली असं नाही, ती माझ्याकडून बाच्याकडं गेली. भाऊ नुसता शिंकला तरी बाचं पुस्तक वाचणं अडायचं. फिरून ते पान आलं की तो ते सगळं वाचायचा, आणि शेवटी, हे मी म्हंतो, एवढं जोडायचा.

काही वर्षांनी भावाला पुन्हा मोठा ताप भरला. बा खाटेशी बसला. माय पाण्याच्या पट्ट्या बदलत होती. या खेपेला बाचे ओठ हलत नव्हते, मी नीट बघितलं. एक हात भावाच्या कपाळावर होता आणि दुसऱ्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटं बधिर झाली. ताप उतरेपर्यंत त्यानं ते सोडलं नाही, आणि सोड असं मीही म्हणाले नाही.