दुसऱ्या कणगीचा पाथ

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. वणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बिघडलं की कारण असतंच, एवढंच मी मानतो. तरी हे लिहितोय...

गेल्या उन्हाळ्यात सकाळी अकराच्या सुमारास झरी जामणीकडच्या एक काकू सीपीयू घेऊन आल्या. त्यांचे यजमान शाळेत गुरुजी होते. रिटायर झाल्यावर कोलाम आदिवासी म्हाताऱ्यांची गाणी रेकॉर्ड करत फिरायचे. दोन महिन्यांपूर्वी ते अचानक वारले.

"गाणे निंगाले पाह्यजे बाबू," काकू म्हणाल्या. "गानारे बी राह्यले नाही आता."

मशीनवर लिनक्स होतं, सुरू होताना अर्ध्यात अडकायचं. पेनड्राइव्हवरून उघडून पाहिलं. गुरुजींचा सगळा डेटा एका सिम्बॉलिक लिंकवर होता. लिंक म्हणजे नुसती पाटी — खरा माल अमुक जागी आहे, असं सांगणारी. पाटीवर पाथ, म्हणजे पत्ता, होता /mnt/disk2. पण मशीनमध्ये दुसरी डिस्कच नव्हती!

"घरी आणखी एखादी डिस्क हाये का?"

"मले काय ठाव? सारं धुंडून झालं."

निदान मशीन तरी सुरू व्हावं म्हणून मी लिंक एका रिकाम्या फोल्डरकडे वळवली, मशीन बंद केलं, प्लग काढला आणि आम्ही तिथंच बसून चहा घेतला. मशीनला कुणी हात लावला नाही.

परत सुरू केलं — पुन्हा अडकलं. लिंक तपासली. पाथ होता /mnt/dusri-kangi. बदलाची वेळ दहा मिनिटांपूर्वीची... म्हणजे प्लग बाहेर असतानाची. घड्याळ तपासलं, बरोबर होतं.

मी ते नाव मोठ्यानं वाचलं, "दुसरी कणगी." काकू एकदम उभ्याच राहिल्या.

"आमच्या घरी दोन कणग्या हायेत धान्याच्या. दुसरी रिकामीच असते... तिच्यात कोनी पाह्यलंच नाही!"

दुसऱ्या दिवशी त्या टॉवेलात गुंडाळलेली हार्डडिस्क घेऊन आल्या. त्याच पाथवर जोडली आणि मशीन सुरू झालं. पहिलीच फाइल लावली. एका म्हातारीचं गाणं, आणि शेवटी गुरुजींचा आवाज — "वा बाई, आणखी एक म्हण." काकूंनी तोंडाला पदर लावला.

मी विचारलं, "काकू, भेव नाही वाटला तुमाले?"

"भ्याचं कायले? त्याईनं ठेवली, त्याईनंच सांगतली."

काकूंना उत्तर मिळालं. मला अजून नाही.