व्याह्यांसोबत धबधब्याला

होणाऱ्या व्याह्यांना पहिल्याच भेटीत पाण्यात पाडू नये. मला हे कुणी आधी सांगितलेलं नव्हतं.

झालं असं, आमच्या अनघाने मुलगा स्वतःच पसंत केलेला. निखिल, ठाण्याचा. त्याचे आईवडील सुट्टी मिळाली की डोंगर चढणारे. फोनवर त्याचे वडील म्हणाले, "तुम्हाला सवय आहे ना ट्रेकिंगची?" आम्ही कोपरला राहणारे. आमची चढाई म्हणजे तिसरा मजला, तोही लिफ्ट बंद असली तरच. पण मी म्हणालो, "अहो, आम्ही मूळचे कोकणातले. डोंगर म्हणजे आमचं अंगण."

ठरलं. मलंगगडाकडच्या जंगलातल्या धबधब्यावर जायचं आणि तिथेच बोलणी करायची.

"बाबा, आपण हॉटेलात भेटू ना," अनघा म्हणाली.

"आता माघार नाही," म्हणत मी माळ्यावरून बूट काढले. (अनघा बालवाडीत असताना घेतलेले. नवेच होते, वापरलेच नव्हते.)

दोन्ही घरचे मिळून जंगलात शिरलो आणि माझ्या उजव्या बुटाचा सोल चिखलातच राहिला. बायकोने, सुनंदाने, ओढणी फाडून बूट बांधून दिला. थोडं पुढे डाव्यानेही तोच कित्ता गिरवला. उरलेली ओढणी संपली.

"अहो, परत फिरूया," ती हळूच म्हणाली.

"शब्द गेला तर लग्न जाईल."

"पाय गेला तर तुम्ही जाल."

मी चालत राहिलो. मागून विहीणबाईंनी विचारलं, "पायाला ते फुलाफुलांचं काय बांधलंय?"

"कोकणी पद्धत आहे. पकड चांगली बसते."

धबधबा समोर दिसायला लागला. मध्ये फक्त एक ओढा. पलीकडच्या दगडावरून व्याह्यांनी हात पुढे केला. तो धरणं मला कमीपणाचं वाटलं. मी आपली उडी मारली. दगडावर शेवाळ होतं. हात मी धरला, पण पडता पडता, आणि चांगला घट्ट!

दोघेही ओढ्यात समोरासमोर बसलेलो. व्याह्यांची टोपी वाहत चाललेली. अनघाने डोळे मिटून घेतले. व्याही उठले, मला मात्र उठता येईना. घोटा मुरगळलेला.

"धबधबा राहिला," मी म्हणालो.

"तो कुठे जात नाही," टोपीकडे बघत व्याही म्हणाले. "तुम्हाला कसं न्यायचं ते बघू."

शेवटी निखिलने मला पाठीवर घेतलं. मी वरून त्याला वाट सांगत होतो. ("डावीकडून घे, उजवीकडे घसरडं आहे.") गाडीपाशी मला उतरवून तो बोनेटला टेकला आणि धापा टाकत म्हणाला, "काका, मग लग्नाचं पक्कं समजू ना?"

मी मान डोलावली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? लग्नात नवरदेव घोड्यावर बसतो. आमच्याकडे नवरदेवच घोडा झाला आणि वर बसला मुलीचा बाप.