चाळिसाव्या दिवसाचा थर

प्रयोगशाळेत त्याला सगळे फुंकर म्हणत. काच तापवून, नळीने फुंकून तो भांडी घडवी. छत्तीस वर्षं तेच काम. जोड दिला की ज्योत मंद करत, काचेवर काजळी धरेपर्यंत तो जोड हळूहळू निववी. "घाई केली की काच मनात धरते," असं म्हणे.

त्याचं शेवटचं मोठं काम प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंसाठी होतं. बाईंनी उभा जन्म एका दूरच्या चंद्राच्या हवेपायी घातला होता. त्या हवेत नायट्रोजन आणि मिथेन. उन्हाच्या माऱ्याने ते फुटतात, तुकडे एकमेकांना धरतात, मोठे होतात आणि तांबूस धुकं होऊन खाली बसतात. बाई तसलीच हवा भांड्यात कोंडून आत वीज खेळवत. चाळीस दिवसांनी काचेवर चहाच्या डागासारखा थर येई. ज्यांपासून जीव बनतो त्या विटा त्या थरात मिळतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्या चंद्रावर ऑक्सिजन नावापुरता, म्हणून भांड्यातही त्यांनी तो चिमूटभरच, दुसऱ्या एका वायूत बांधलेला, सोडला होता.

बाईंचा आजार बळावला होता. "दवाखान्यात जायच्या आधी भांडं द्या," त्या म्हणाल्या. त्याने दिलं.

विटा मिळाल्या, एकोणीस प्रकारच्या. बाईंनी तो अहवाल उशाखाली ठेवला.

भांडं धुण्याआधी फुंकरने सवयीने जोडावरून गळती शोधायची ठिणगीची कांडी फिरवली. डाव्या जोडाशी पांढरा ठिपका चमकला. केसाएवढी चीर. बाहेरची हवा ऑक्सिजनसकट आत गेली होती; विटा तिच्यामुळेच झालेल्या असू शकत होत्या.

"गप्प बस," भांड्याचा पंप आणि वीज सांभाळणारा पंपवाला म्हणाला. "त्यांचे दिवस भरलेत. सुखाने जाऊ दे."

"खोट्यावर?"

"इतकी वर्षं तोंड फक्त फुंकायला वापरलंस, आताच कशाला उघडतोस?"

तो दवाखान्यात गेला. बाईंनी सगळं ऐकलं, उशाखालचा कागद काढला आणि त्याची घडी घातली.

"कुठला जोड?"

"डावीकडचा. निववायला अर्धा तास कमी दिला."

"घाई मी केली होती."

"हात माझे होते, बाई."

बाईंनी ती घडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "नवं भांडं कधी?"

"चार दिवसांनी."

"मग इथे काय बसलाय, फुंकर?"

या वेळी त्याने एकेक जोड पूर्ण दिवसभर निववला. कांडी तीनदा फिरवली. रोज कामावरून सुटला की दवाखान्यात जाऊन थराचा रंग सांगायचा. एकतिसाव्या दिवशी खाट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी पंपवाल्याने वीज बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. "आता कुणासाठी चालवायचं?"

"चाळीस म्हणाल्या होत्या," फुंकर म्हणाला. पंपवाल्याने बोट काढलं.

चाळिसाव्या दिवशी थर आला, पहिल्यापेक्षा पातळ. अहवालात एकोणीसच्या जागी दोनच विटा होत्या, त्याही जेमतेम.

तो कागद घेऊन फुंकर बाईंच्या टेबलाशी गेला. खुर्ची ओढली, पण बसला नाही. पेन घेऊन कागदाच्या तळाशी लिहिलं: जोड तपासला, गळती नाही. खाली आपलं पूर्ण नाव घातलं. मग दिव्याखाली धरून, बाई वाचत तशी, एकेक ओळ वाचत उभा राहिला.